घरातल्या संगणकाचे होस्टनेम कसे ठरवावे आणि कसे बसवावे

नवा विंडोज संगणक स्वतःचे नाव स्वतःच ठेवून येतो. ‘डेस्कटॉप’ हा शब्द, त्यापुढे एक आडवी रेघ आणि तिच्यापुढे सात निरर्थक अक्षरे-आकडे, असे ते नाव असते. रास्पबेरी पायवर नेहमीची प्रणाली घातली की ती ‘रास्पबेरीपाय’ या नावाने उभी राहते, आणि मॅकच्या नावात बहुधा मालकाचे नाव येते. घरात एकच संगणक असेल तर यातले काहीच अडत नाही. पण जुन्या डेस्कटॉपवर कुटुंबाचे फोटो ठेवायचे, दुसऱ्या खोलीतून त्या फाइल उघडायच्या, प्रिंटर सगळ्यांना वापरू द्यायचा, असे सुरू झाले की प्रत्येक यंत्राला माणसाला उच्चारता येईल असे नाव, म्हणजे होस्टनेम, लागते. ते कसे निवडावे, कुठे नोंदवावे आणि बसले की नाही हे कसे तपासावे, ते पुढे क्रमाने दिले आहे. वाचनाच्या सोयीसाठी नावे आणि आज्ञा येथे देवनागरीत लिहिल्या आहेत. संगणकावर त्या लहान रोमन अक्षरांतच टंकायच्या आहेत.

माझ्या घरात पूर्वी ‘सर्व्हर१’ आणि ‘सर्व्हर२’ अशी दोन यंत्रे होती. पहिल्यावर फाइल असत, दुसरे प्रयोगासाठी होते. एका रात्री दोन्हींच्या काळ्या खिडक्या शेजारी उघड्या असताना मी प्रयोगाचे यंत्र बंद करण्याची आज्ञा दिली, ती पहिल्याच्या खिडकीत. जुन्या अल्बममधल्या स्कॅन केलेल्या फोटोंची प्रत तिथे निम्म्यावर आली होती, ती मधेच तुटली. फोटो गेले नाहीत, पण सगळे काम पहिल्यापासून करावे लागले. दोन नावांत फरक होता तो एका आकड्याचा, आणि थकलेल्या डोळ्यांना तेवढा पुरला नाही.

पहिली पायरी: नियमांची चौकट समजून घेणे

होस्टनेममध्ये रोमन अक्षरे, आकडे आणि आडवी रेघ एवढेच चालते. आडवी रेघ आरंभी किंवा शेवटी येऊ नये. खालची रेघ, म्हणजे अंडरस्कोर, आणि मोकळी जागा चालत नाही; अंडरस्कोर काही प्रणाली मुकाट्याने स्वीकारतात आणि मग ब्राउझर किंवा एखादा प्रोग्राम भलत्याच ठिकाणी अडतो, म्हणून ती टाळलेलीच बरी. १९८५च्या आरएफसी ९५२ (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या तंत्राविषयीचे क्रमांकित दस्तऐवज) या दस्तऐवजात नावाचे पहिले चिन्ह अक्षरच असले पाहिजे अशी अट होती. १९८९च्या आरएफसी ११२३ने ती सैल करून आकड्यालाही परवानगी दिली. तरीही निव्वळ आकड्यांचे नाव ठेवू नये. एखाद्या यंत्राला ‘१०’ असे नाव देऊन त्याला पिंग करून, म्हणजे ते यंत्र उत्तर देते का हे विचारणारी आज्ञा देऊन, पाहावे; पुष्कळ प्रणाली ते नाव न मानता ०.०.०.१० हा पत्ता समजतात.

लांबीच्या मर्यादा तीन आहेत आणि त्यांतली सर्वांत आखूड आपण पाळायची. डीएनएसमध्ये, म्हणजे नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या व्यवस्थेत, दोन टिंबांमधला एक भाग ६३ चिन्हांपर्यंत चालतो, लिनक्स ६४ चिन्हांचे होस्टनेम घेते, पण विंडोजच्या जुन्या नेटबायोस पद्धतीत नाव १५ चिन्हांतच बसावे लागते, कारण तिथे सोळावी जागा सेवेचा प्रकार सांगण्यासाठी राखलेली असते. लांब नाव तिथे कापले जाते, आणि पहिली १५ चिन्हे सारखी असलेली दोन यंत्रे एकमेकांशी भांडू लागतात. माझ्या मते चार ते आठ अक्षरे पुरतात. मोठ्या-लहान अक्षरांचा भेद डीएनएस मानत नाही, तेव्हा सगळे लहान अक्षरांत ठेवावे.

देवनागरी होस्टनेम ठेवता येईल का, हा प्रश्न मराठी माणसाच्या मनात येणारच. ‘डॉट भारत’ हे देवनागरीतले वरचे डोमेन २०१४पासून चालू आहे, म्हणजे तंत्र उपलब्ध आहे. पण डीएनएसच्या पोटात अशा नावाचे ‘पनीकोड’ नावाच्या पद्धतीने रोमन अक्षरांत रूपांतर होते. त्याच्या आरंभी ‘एक्स’, ‘एन’ आणि दोन आडव्या रेघा येतात आणि पुढचे काही वाचता येत नाही. राउटरच्या यादीत, नोंदींच्या फाइलमध्ये आणि प्रिंटरच्या इवल्या पडद्यावर हेच दिसण्याची शक्यता असते. त्यापेक्षा लिनक्समधले ‘प्रिटी होस्टनेम’ किंवा मॅकमधले दर्शनी नाव मोकळेपणाने देवनागरीत ठेवावे, तिथे ‘बाबांचा जुना संगणक’ असेही चालते, आणि खरे होस्टनेम रोमन ठेवावे.

दुसरी पायरी: नावाची निवड

संगणकाला नाव कसे द्यावे यावर १९९०मध्ये आरएफसी ११७८ हा छोटा दस्तऐवज निघाला. त्यातला बराचसा सल्ला आजही लागू पडतो: यंत्राच्या कामावरून नाव ठेवू नका, स्वतःचे नाव देऊ नका, रोजच्या बोलण्यात दुसऱ्या अर्थाने येणारा शब्द घेऊ नका, एखादा विषय धरून त्यातली नावे घ्या. कामावरून नाव न ठेवण्याचे कारण घरात लवकर पटते. ‘अभ्यास’ नावाचा संगणक दोन वर्षांनी स्वयंपाकघरात रेडिओ वाजवत असतो. ‘बॅकअप’ नावाचे यंत्र असले की ‘बॅकअपचा बॅकअप घेतला का?’ असे वाक्य तोंडून जाते आणि ऐकणाऱ्याला कळत नाही की नेमके काय विचारले. खोलीचे नावही याच कारणाने टिकत नाही. मॉडेलचे नाव तर यंत्र बदलले की खोटेच ठरते.

त्या दस्तऐवजात आणखी एक बारकावा आहे: नुसत्या ए ते एफ या अक्षरांनी बनलेली नावे टाळावीत, कारण ती सोळाच्या पद्धतीतल्या, म्हणजे हेक्साडेसिमल, आकड्यांसारखी दिसतात. मराठीत ‘बाबा’ आणि ‘दादा’ ही दोन्ही नावे रोमनमध्ये लिहिली की नेमकी अशीच होतात. आज त्यामुळे प्रोग्राम क्वचितच चुकतो. पण नोंदींच्या फाइलमध्ये ‘दादा’ शोधायला जावे तर एखादा आयपीव्ही६ पत्ताच, म्हणजे त्याच पद्धतीत लिहिलेला जाळ्यातला पत्ता, हाती लागू शकतो.

विषय कोणता घ्यावा हे सांगण्यापूर्वी मराठी नावांची खरी अडचण सांगतो, कारण इंग्रजीतल्या मार्गदर्शकांना ती माहीतच नसते. मराठी शब्दाचे रोमन स्पेलिंग एकच असेल याची खात्री नाही. फाइल ठेवण्याच्या यंत्राला मी पुढे हौसेने ‘तोरणा’ हे नाव दिले. बाबा दुसऱ्या खोलीतून मला फोन करून विचारत, “अरे, आरनंतर ए आहे का थेट एन?” मी म्हणे, “थेट एन, बाबा.” आठवड्याने पुन्हा तोच फोन. चूक त्यांची नव्हती, कारण दोन्ही स्पेलिंगे प्रचारात आहेत.

असे घोळ पाच ठिकाणी होतात. पहिले ठिकाण शब्दाच्या मधला ‘अ’: उच्चारात तो नसतो, पण कोणी लिहितो, कोणी गाळतो, म्हणून लोहगड, सिंहगड, कोयना ही नावे प्रत्येकाच्या हातून वेगळी उतरतात. दुसरे ठिकाण ‘व’, जो व्हीने लिहावा की डब्ल्यूने हे ठरलेले नाही. ‘पवना’ आणि ‘चावंड’ तिथे अडकतात. तिसरे दीर्घ इकार आणि उकार, म्हणजे नीरा, भीमा, तूर: एक आय की दोन ई, एक यू की दोन ओ? चौथे ‘ऋ’, ज्याचे कोणी आरआय करतो, कोणी आरयू. त्यात जोडाक्षराची भर पडली की ‘कृत्तिका’ कितीतरी प्रकारे लिहिता येते. पाचवे ठिकाण म्हणजे दोन वेगळ्या शब्दांचे रोमनमध्ये एकच रूप होणे. ‘घार’ आणि ‘घर’ तिथे एकसारखे दिसतात, ‘काळा’ आणि ‘कला’ यांचेही तेच. यंत्राचे नाव घार असेल आणि जाळ्याचे घर, तर पुढचे सांगायला नको.

म्हणून निवडीची कसोटी साधी आहे. नाव फोनवर एकदाच उच्चारावे आणि समोरच्याने स्पेलिंग न विचारता ते टंकावे. विषय ठरल्यावर त्यातली दहाबारा नावे कागदावर लिहावीत, घरातल्या दोघांना ती ऐकवून वेगवेगळी टंकायला सांगावीत आणि दोघांचे जिथे जुळत नाही ती खोडावीत. किल्ल्यांची नावे मला सर्वांत प्रिय, पण या चाळणीतून ‘तिकोना’, ‘तुंग’ अशी थोडीच सुटतात. नक्षत्रे २७ आहेत आणि यादी तयार मिळते, हे खरे. पण रोहिणी आणि स्वाती नावाच्या व्यक्ती घरात किंवा शेजारी असतात, आणि ‘स्वाती बंद पडली’ हे वाक्य कोणाला ऐकवावे असे नाही. खाद्यपदार्थांत ‘पोहे’, ‘मोदक’, ‘बटाटा’ ही नावे निर्दोष निघतात, ‘चकली’ आणि ‘उपमा’ मधल्या ‘अ’पायी बाद होतात.

आमच्या घरात शेवटी पक्षी आले. लॅपटॉप ‘मोर’, फाइल ठेवणारा जुना डेस्कटॉप ‘बदक’, रास्पबेरी पाय ‘तितर’, आणि सांगितले तेवढेच परत बोलतो म्हणून प्रिंटर ‘पोपट’. या चौघांत कोणतीही दोन नावे डोळ्यांना सारखी दिसत नाहीत, ही गोष्ट मी मुद्दाम पाहिली. एखादे नाव दुसऱ्याच्या घरात आधीच असेल याची चिंता करू नये. खासगी जाळ्यातले नाव कुंपणाच्या आतच चालते.

खासगी असले तरी ते नाव घराबाहेर जातेच, हे मात्र लक्षात ठेवावे. लॅपटॉप हॉटेलच्या किंवा विमानतळाच्या वाय-फायला जोडला की पत्ता मागताना तो बहुधा आपले होस्टनेमही सांगतो, आणि अनेक प्रणाली ते आसपासच्या यंत्रांनाही ऐकवत राहतात. २०१७च्या आरएफसी ८११७चा विषयच हा आहे. तेव्हा आडनाव, फ्लॅट क्रमांक, नोकरीचे ठिकाण यांपैकी काही नावात नको. घरातल्या सेवेसाठी सार्वजनिक संस्थेकडून सुरक्षा प्रमाणपत्र घेतले, तर त्यातले पूर्ण नाव कोणालाही वाचता येणाऱ्या सार्वजनिक नोंदवहीत जाते, हेही त्यातच आले.

काही नावे दुसऱ्या कामांसाठी अडवलेली आहेत. ‘लोकलहोस्ट’ म्हणजे प्रत्येक यंत्र स्वतः, ते कोणालाही देता येत नाही. ‘डब्ल्यूपॅड’ या नावाच्या यंत्राकडे संगणक प्रॉक्सीची, म्हणजे इंटरनेटकडे जाताना मध्ये लागणाऱ्या सर्व्हरची, माहिती मागायला जातात, म्हणून ते नाव गमतीनेही ठेवू नये.

तिसरी पायरी: टिंबापुढे काय लावायचे

‘बदक’ एवढे नाव पुष्कळदा पुरते. पण पूर्ण नावाला शेपूट लागते, आणि इथे बरेच जण मनाला येईल ते लावतात. ‘डॉट लोकल’ ही शेपटी २०१३च्या आरएफसी ६७६२ने एमडीएनएस या पद्धतीसाठी राखून ठेवली आहे. या पद्धतीत मधला सर्व्हर नसतो. ‘बदक डॉट लोकल कोण?’ असा प्रश्न २२४.०.०.२५१ या सामाईक पत्त्यावर सगळ्यांना विचारला जातो आणि बदक स्वतःच उत्तर देतो. मॅक, आयफोन, आजचे विंडोज आणि अवाही हा प्रोग्राम असलेले लिनक्स यांत ती काही न करता चालते. जुन्या अँड्रॉइड फोनवर चालत नाही. ती वापरावी, पण तीच शेपटी राउटरच्या डीएनएसमध्ये स्वतः लिहू नये, कारण मग एकाच नावासाठी दोन जागी चौकशी होते आणि उत्तर कधी येते, कधी उशिरा येते.

राउटरच्या डीएनएससाठी दोन सुरक्षित पर्याय आहेत. ‘होम डॉट आर्पा’ ही शेपटी घरगुती जाळ्यांसाठीच २०१८च्या आरएफसी ८३७५ने नेमून दिली. दिसायला ती काही देखणी नाही. दुसरी ‘डॉट इंटर्नल’, जी खासगी वापरासाठी राखल्याचा ठराव डोमेन नावांचा कारभार पाहणाऱ्या आयकॅन या संस्थेने जुलै २०२४मध्ये केला. टंकायला मला हीच सोपी वाटते. स्वतःचे विकत घेतलेले डोमेन असेल तर त्याचे उपडोमेनही उत्तम. मनाने शेपटी बनवण्यात धोका काय, हे ‘डॉट देव्ह’ने दाखवले. पुष्कळ प्रोग्रामर ती आपापल्या संगणकावर वापरत होते, ती पुढे गूगलकडे खरे डोमेन म्हणून गेली, आणि २०१७च्या अखेरीस क्रोमने त्या शेपटीच्या प्रत्येक नावाला एचटीटीपीएस, म्हणजे सुरक्षित जोडणी, सक्तीचे केले. अनेकांची चालू कामे त्या दिवशी उघडेनाशी झाली.

चौथी पायरी: यंत्रावर नाव बसवणे

विंडोजमध्ये सेटिंग्जमधील सिस्टिम, त्यातील अबाउट या पानावर ‘रिनेम धिस पीसी’ हे बटण आहे. नाव टाकून संगणक पुन्हा सुरू करावा लागतो. मॅकमध्ये जनरलमधील अबाउट पानावर दर्शनी नाव आणि शेअरिंग पानावर ‘लोकल होस्टनेम’ अशा दोन वेगळ्या जागा आहेत. दुसरी आपल्या कामाची.

लिनक्सवर ‘सुडो होस्टनेमसीटीएल सेट-होस्टनेम’ आणि पुढे नवे नाव एवढी आज्ञा पुरते. मात्र डेबियन आणि उबुंटूत इटीसी फोल्डरातील ‘होस्ट्स’ फाइलमध्ये १२७.०.१.१ या पत्त्यापुढे जुने नाव लिहिलेले असते, ते हाताने बदलावे. ते राहिले की ‘सुडो’ने, म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने, दिलेल्या प्रत्येक आज्ञेला होस्टचा पत्ता सापडत नाही अशी तक्रार येते. उबुंटू सर्व्हरवर बसवलेले नाव पुन्हा सुरू केल्यावर पूर्वीचे झाले, तर दोष बहुधा क्लाउड-इनिट या प्रोग्रामचा असतो. त्याच्या मांडणीच्या फाइलमध्ये ‘प्रिझर्व्ह होस्टनेम’ हे ‘ट्रू’ करावे. रास्पबेरी पायसाठी तर कार्ड लिहितानाच इमेजर प्रोग्राममध्ये नाव देता येते, म्हणजे दोन नवी यंत्रे एकाच नावाने उभी राहत नाहीत. तशी राहिलीच तर एमडीएनएस दुसऱ्याच्या नावाला आपणहून ‘-२’ जोडते. कधीतरी न ठेवलेले ‘-२’ दिसले, तर तो अपघात नव्हे, नावांची टक्कर आहे असे समजावे.

पाचवी पायरी: राउटरवर नोंद आणि तपासणी

घरातले पत्ते बहुतेक १९२.१६८ने सुरू होतात आणि राउटर ते वाटतो. राउटरच्या पानावर पत्ता राखून ठेवण्याची सोय असते. तिथे यंत्राचा मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा मूळ क्रमांक; मॅक संगणकाशी त्याचा संबंध नाही), ठरावीक आयपी पत्ता आणि होस्टनेम हे तिन्ही नोंदवावे. कायम चालू राहणाऱ्या यंत्रांना हे आवश्यक आहे. फोनसाठी करण्यात फारसा अर्थ नाही, कारण आजचे फोन मॅक पत्ता लपवून दुसराच सांगतात.

तपासताना दुसऱ्या यंत्रावरून नावाला पिंग करावे आणि पहिली ओळ वाचावी. तिथे कंसात बरोबर पत्ता दिसला तर नाव सापडले आहे. त्यापुढे उत्तर येत नसेल तर ते विंडोजच्या फायरवॉलचे काम आहे, नावाचे नव्हे. ‘एनएसलुकअप’ फक्त डीएनएसला विचारते, होस्ट्स फाइल आणि एमडीएनएस दोन्ही पाहत नाही, म्हणून तिथे ‘डॉट लोकल’ नाव सापडले नाही तर घाबरू नये. लिनक्सवर ‘गेटएंट होस्ट्स’ आणि पुढे नाव ही आज्ञा अधिक खरे सांगते.

नाव सापडत नसेल तर आमच्याकडच्या घरांत बहुधा दोन कारणे निघतात. पहिले म्हणजे यंत्रावर ८.८.८.८ असा बाहेरचा डीएनएस हाताने भरलेला असतो किंवा फोनमध्ये ‘प्रायव्हेट डीएनएस’ चालू असतो. मग राउटरला कोणी विचारतच नाही. दुसरे कारण दोन राउटरचे. फायबर जोडणीबरोबर आलेल्या पेटीचे स्वतःचे वाय-फाय असते आणि तिच्यापुढे आपण विकत घेतलेला राउटर लावलेला असतो. लॅपटॉप एकाला आणि प्रिंटर दुसऱ्याला जोडला की ती दोन वेगळी जाळी होतात आणि एका जाळ्यातले नाव दुसऱ्यात ऐकू जात नाही. पेटीचे वाय-फाय बंद करावे किंवा आपला राउटर निव्वळ ॲक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे वेगळे जाळे न बनवता फक्त वाय-फाय पसरवण्यासाठी, चालवावा.

चालू यंत्राचे नाव बदलत असाल तर

येथे घाई नको. जुने नाव कुठे कुठे चिकटले आहे याची यादी आधी करावी: इतर संगणकांवर जोडलेली सामाईक फोल्डरे, प्रिंटर, ब्राउझरमधल्या खुणा, एसएसएचच्या (दुसऱ्या यंत्रावर दुरून आज्ञा देण्याच्या सोयीच्या) मांडणीची फाइल, ठरावीक वेळी चालणाऱ्या आज्ञा. काही बॅकअप प्रोग्राम प्रतींची विभागणी होस्टनेमवरून करतात; रेस्टिक त्यांपैकी एक. नाव बदलले की तो पुढच्या प्रती नव्या यंत्राच्या समजतो आणि जुन्या प्रती छाटण्याचे नियम दोघांना वेगवेगळे लावतो. एसएसएच नव्या नावासाठी ओळख पुन्हा विचारेल. तेव्हा डोळे मिटून ‘यस’ न म्हणता बोटखूण (फिंगरप्रिंट) त्या यंत्रावरच्या बोटखुणेशी ताडून पाहावी.

राउटरच्या डीएनएसमध्ये जुने नाव टोपणनाव म्हणून महिनाभर राहू द्यावे, म्हणजे विसरलेल्या जोडण्या तुटत नाहीत. महिन्यानंतर ते काढावे आणि काय बंद पडते ते पाहावे. आमच्याकडे ‘तोरणा’ काढल्यावर फक्त स्वयंपाकघरातल्या टॅबलेटवरची गाणी बंद पडली. यंत्रावर नावाची चिठ्ठी देवनागरी आणि रोमन दोन्हींत चिकटवली आहे, आणि निकालात काढलेले नाव मी दुसऱ्या यंत्राला लगेच देत नाही, कारण एसएसएचच्या ओळखींत आणि बॅकअपच्या प्रतींत ते पहिल्याच्याच नावावर असते.